पाणी कुठं मारायचं, कुठं नाही

[पडद्यावर: पौडच्या पुढे मुळशीच्या वाटेवरचं एक पेंटबॉल ग्राउंड, म्हणजे गॅसच्या गननं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ. जुलैतला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. एक बस चिखलातून रस्त्याला लागतेय.]

गेली बस. हिंजवडीच्या कुठल्यातरी आयटी कंपनीची चाळीसेक पोरंपोरी होती, सकाळपासून एकमेकांना गोळ्या घालून झाल्या, सगळ्यात जास्त मॅनेजरला बसल्या (दर रविवारी तसंच होतं म्हणे, योगायोग असणार), मिसळ झाली, ग्रुप फोटो झाला, आणि मागे राहिल्या वीस गन, वीस मास्क, ओव्हरऑलचा एक ओला ढीग आणि सगळ्यावर निळा-पिवळा चिकट थर. आमचा कॅमेरा खरं तर आत्ता चालू झाला.

हे ग्राउंड सांभाळतात एक दादा आणि गावातली दोन पोरं. दादा आधी पुण्यात टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये होते, म्हणून असेल, गन हातात घेतली की पहिल्यांदा कानाला लावतात, फुसफुस येतेय का बघायला. कामाबद्दल विचारलं तर एकच वाक्य बोलले, की बाकी सगळी धुणीभांडीच आहेत ओ, फक्त पाणी कुठं मारायचं आणि कुठं नाही तेवढं डोक्यात पाहिजे.

[पडद्यावर: तळहातावर एक गोळी. दादा ती पाण्याच्या मगमध्ये टाकतात.]

आधी ही गोळी बघा. साधारण १७ मिलीमीटरची, वजन ३ ग्रॅमच्या आसपास. बाहेरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलचं असतं ना, सेम तेच, बनवायची पद्धतपण तीच. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून, तेव्हा श्रावण पाळणाऱ्यांनी तोंड मिटून खेळावं. आणि आत जो पेंट म्हणतो तो पेंट नसतोच मुळी. त्यात मुख्य असतं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, कोलोनोस्कोपीच्या आधी डॉक्टर जी पावडर पाण्यात कालवून प्यायला लावतात ना, त्याच घरातलं, वर थोडा रंग आणि थोडं घट्ट करायचं काहीतरी. पाण्यात विरघळतं. म्हणून तर कपड्यांवरून, झाडांवरून, कारच्या बॉनेटवरूनसुद्धा पाण्यानं निघून जातं.

पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. पेंटबॉलचा पहिला गेम झाला २७ जून १९८१ ला, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावात, बारा जण खेळले. गन होती नेल-स्पॉट ००७. ती मुळात जंगल खात्याची माणसं झाडांवर खुणा करायला वापरायची आणि गुराखी गुरांवर. त्या गोळ्यांमधला रंग ऑइल बेस्ड होता, म्हणजे अंगावर बसला की टर्पेंटाइननं घासत बसा. त्या दिवशी जिंकला रिची व्हाइट नावाचा एक फॉरेस्टर, आणि तो पूर्ण गेममध्ये एकही गोळी न झाडता जिंकला. गन साफ करायचं काम त्या दिवशी सगळ्यात कमी त्यालाच पडलं असणार.

आता मगमध्ये बघा. पाच मिनिटं झालीत फक्त. कवच मऊ पडलंय, गोळी फुगायला लागलीय, बोट लावलं तर जेलीसारखं लागतं. म्हणजे जे पाणी सगळं धुऊन काढतं तेच पाणी न फुटलेल्या गोळीची वाट लावतं. आणि मुळशीत जुलैमध्ये मगमधलं पाणी लागतच नाही, हवाच पुरते.

[पडद्यावर: पत्र्याच्या शेडखाली लांब टेबल. गन ओळीनं.]

साफसफाईच्या आधी गॅस. यात दादा कुणाचीच मस्करी चालू देत नाहीत. आधी वरचा हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढायचा, म्हणजे आणखी गोळ्या आत पडणार नाहीत, मग मोकळ्या दिशेला दोन-चार वेळा ट्रिगर ओढायचा, आत अडकलेली असेल ती बाहेर, मग बॅरलच्या तोंडावर कापडी टोपी, आणि मग बाटली हळूहळू फिरवून काढायची. गोळी उडवायला इथं अजून सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, बाटल्या आहेत. घरच्या कुकरमध्ये साधारण १५ पीएसआय दाब असतो, या बाटलीत साध्या दिवशी ८०० च्या वर. त्यात ३१ अंशांच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइड द्रव राहतच नाही, भरलेल्या बाटलीत दाब झपाट्यानं चढतो, म्हणून एप्रिलमध्ये कारच्या डिकीत बाटली ठेवून बायकोबरोबर लक्ष्मी रोडला खरेदीला जाणाऱ्या हौशी खेळाडूंना आमचा दुरून नमस्कार.

प्रत्येक बाटलीवर एक गुलाबी रेघ दिसतेय बघा. नेलपॉलिश आहे. अर्धी रेघ बाटलीवर, अर्धी वरच्या पितळी व्हॉल्व्हवर. बाटली फिरवताना दोन्ही अर्ध्या जोडलेल्या राहिल्या तर सगळं ठीक, पण रेघ तुटायला लागली तर समजायचं की बाटली गनमधून सुटत नाहीये, बाटलीतनं व्हॉल्व्ह सुटतोय. थांबायचं तिथंच. असा व्हॉल्व्ह पूर्ण निघून बाटली रॉकेटसारखी उडाल्यानं अमेरिकेत माणसं गेलीत. नेलपॉलिश धाकट्या पोराच्या बहिणीचं आहे, तिला अजून माहीत नाही.

[पडद्यावर: बॅरल काढतायत, बादलीत कोमट पाणी.]

बॅरल म्हणजे पुढची नळी. ही सुटी होते, आणि इथं पाणी मनसोक्त. गोळी नळीतच फुटली की आत पेंट लागतो आणि पुढची प्रत्येक गोळी त्यावरून घसरत कुठंही जाते, खेळणाऱ्याला वाटतं आपला नेम गेला, नेम कधीच नव्हता ती गोष्ट वेगळी. फुटलेल्या कवचाचे तुकडे आत चिकटून बसतात, ते नुसत्या धारेनं निघत नाहीत, दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवले की मऊ होऊन सुटतात. उकळतं पाणी लागत नाही. मग नळीतून ओढायचा दोरीवाला कपडा. बाजारात त्याला स्क्वीजी म्हणतात आणि चांगले पैसे घेतात, इथं जुन्या बनियनची पट्टी आणि नायलॉनची दोरी आहे, आणि दादांच्या मते बनियन जितकं जुनं तितकं चांगलं. मग नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. आतली भिंत आरशासारखी दिसली की झालं.

गनच्या बॉडीला मात्र बादलीत बुडवायचं नाही. ही टिपमन ९८ आहे, १९९८ ला आलेली, जगभरात भाड्याच्या ग्राउंडवर हीच किंवा हिच्याच जातीची दिसते, कारण ती ट्रॅक्टरसारखी आहे, मार खाते आणि चालते. एलन कीनं स्क्रू काढले की शेंगेसारखी दोन भागात उघडते. आत पुढचा बोल्ट, मागचा बोल्ट (म्हणजे पुढेमागे सरकणारे दट्टे), त्यांना जोडणारी एक सळई आणि एक लांब स्प्रिंग. उघडताना अंगठा स्प्रिंगवर ठेवायचा. नाही ठेवला तर काय होतं ते आमच्या कॅमेऱ्यात आलंय, पण ते पोरगं म्हणालं कट करा, म्हणून केलं. (सापडली स्प्रिंग. लोहचुंबक लागलं.)

आत पेंट गेलेला असतो, माती गेलेली असते, आज तर एका गनमध्ये गवताचं बी निघालं. हे सगळं ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं, कोपऱ्यात इयरबड. बॉडी ॲल्युमिनियमची, तिला गंज नाही, पण स्प्रिंग, स्क्रू, मागचा बोल्ट ही लोखंडाची मंडळी, यांच्यावर पाण्याचा थेंब राहिला की पावसाळ्यात दोन दिवसात लालसर पावडर. नळीच्या मुळाशी एक इवलासा तुकडा असतो, त्याचं काम एवढंच की गोळी आपोआप पुढे घरंगळू द्यायची नाही. तो झिजला की एकावेळी दोन गोळ्या आत येतात आणि दोन्ही फुटतात. अख्खी गन पुसली आणि हा बघायचा राहिला, तर पुढच्या रविवारी परत बनियन.

आणि ओ-रिंग. कुकरची रिंग ढिली झाली की कशी शिट्टी व्हायच्या आधीच वाफ जाते, तसंच हे. रबराचं वळं, नाण्याएवढं पण नाही, पण त्याला चीर गेली की अख्खी बाटली तासाभरात हवेत. बाटलीच्या तोंडाची काळी रिंग सीओटूवर पटापट फाटते, पिवळसर युरेथेनची जास्त टिकते.

मग तेल. बाटली लावायची तिथं चार-पाच थेंब, बाटली लावून गोळ्यांशिवाय पंधरा-वीस वेळा उडवायची, गॅसच तेल आत पसरवतो. आपल्याकडे गॅरेजपासून घराच्या बिजागरीपर्यंत सगळ्यावर जो निळा-पिवळा स्प्रे मारतात तो इथं मारायचा नाही, त्यातलं सॉल्व्हंट रबराला फुगवतं. आणि मोठ्या पोराचा किस्सा असा की गेल्या डिसेंबरात तेल संपलं होतं, त्यानं घरून खोबरेल आणून घातलं. आता सीओटू बाहेर पडताना गन एवढी गार करतो की हाताला जाणवतं, आणि खोबरेल तर चोविसेक अंशांनाच थिजतं. तिसऱ्या मिनिटाला गन बंद. उघडली तर आत पांढरं, हिवाळ्यात पॅराशूटच्या बाटलीत होतं तसं. वासामुळे लगेच पकडला गेला.

काही ग्राउंडवर सीओटूच्या जागी हवेच्या मोठ्या दाबाच्या टाक्या असतात, ३००० नाहीतर ४५०० पीएसआयच्या. त्यांच्या भरायच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस चुकूनही लावायचं नाही. तेवढ्या दाबानं हवा घुसली की तेल पेट घेऊ शकतं.

[पडद्यावर: दोरीवर मास्क. एक मुलगी उलट्या हातानं घाम पुसल्याची दुपारची क्लिप.]

मास्क. खरं सांगायचं तर गन नाही साफ झाली तर गेम खराब होतो, इथं चुकलं तर डोळा जातो. गोळी निघते ती सेकंदाला ८५ ते ९० मीटरनं, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. लेन्स पॉलिकार्बोनेटची असते, ती गोळी झेलते पण ओरखडा झेलत नाही. म्हणून कोरडी पुसायची नाही, आपण शर्टाच्या टोकानं चष्मा पुसतो ना, ते तर अजिबात नाही, कारण त्यावर मातीचे कण असतात आणि आपण पॉलिश पेपर फिरवतो. आधी पाण्यानं कण वाहू द्यायचे, साबणाचा एक थेंब, मग मऊ मायक्रोफायबर, टिपायचं, घासायचं नाही. काचेचा स्प्रेपण नको, अमोनियावाला असेल तर लेन्सवर बारीक जाळं पडतं.

पण थांबा, यात दोन प्रकार आहेत. एकेरी लेन्स धारेखाली धरली तरी चालते. थर्मल लेन्स म्हणजे दोन पापुद्रे, मधे हवा, कडेनं फोमची पट्टी, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. ती बुडवली की फोममधून पाणी आत जातं आणि मग दोन पापुद्र्यांच्या मधे ढग. बाहेर यायला वाट नाही. महागडी लेन्स एका धुण्यात बाद. इथं अशी एक भिंतीला टांगलेली आहे, आठवण म्हणून. कुणी केली ते तिघंही सांगत नाहीत.

चेहऱ्याला लागतो तो फोम चाळीस जणांचा घाम पिऊन बसलेला असतो. जंतुनाशक वाइप, मग सावलीत वाळवणं. पावसाळ्यात दोन दिवस टेबल फॅन लागतो, नाहीतर बुरशीचा तो वास, आणि पुढच्या शनिवारी कुणीतरी नाक मुरडून मास्क जरा वर करणार, नेमकं गेम चालू असताना. वासामुळे मास्क वर, हे दादांनी बघितलंय. लेन्सला तडा दिसला तर दुरुस्ती नाही, मोडून टाकायची, म्हणजे कुणी परत उचलणारच नाही.

कपड्यांचं फार काही नाही. थंड पाण्यात भिजवायचे, मग मशीन. खिसे बघून.

[पडद्यावर: टॉर्च घेऊन मैदानात वाकून चालणारी पोरं. लांब एक कुत्रं, साखळीला.]

हे काम आम्हाला माहीतच नव्हतं. न फुटलेल्या गोळ्या वेचणं. परत वापरायला नाही, जमिनीवर पडलेली गोळी ओल पिऊन फुगते, माती लागते, ती नळीत गेली की फुटलीच. वेचायच्या या मोतीसाठी. कुत्र्यांना गोळ्या गोड लागतात, आणि त्या आतल्या ग्लायकॉलची सवयच पाणी ओढायची, पोटात गेली की अंगातलं पाणी आतड्यात खेचते, रक्तात मिठाचं प्रमाण चढतं, कुत्रं लटपटतं, झटकेसुद्धा येतात. अशा कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायला उशीर करायचा नाही. मोतीनं दोन वर्षांपूर्वी अर्धं पाकीट खाल्लं होतं. वाचला. तेव्हापासून रविवारी साखळी.

[पडद्यावर: आठ वाजलेत. लोखंडी कपाट, आत पेटलेला बल्ब.]

गन कपाटात, आत चाळीसचा बल्ब चालू, कोकणात चामड्याच्या चपलांना करतात तसा, दमट हवा घालवायला. उरलेल्या गोळ्या मात्र या कपाटात चालत नाहीत, उबेनं जिलेटिन मऊ होतं, एका बाजूवर पडून चपट्या होतात. त्यांना गार, कोरडं, हवाबंद पाहिजे, आणि अधूनमधून पाकीट उलटसुलट करायचं.

साडेआठला लाईट गेली. बल्ब गेला, फॅन गेला. दादांनी मोबाईलच्या उजेडात गोळ्यांची दोन पाकिटं प्लॅस्टिकच्या डब्यात भरली, डब्याला सेलोटेप मारला, डबा ॲक्टिव्हाच्या डिकीत. घरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवतात, तिथं कधी ओल येत नाही. आईनं पहिल्यांदा विचारलं होतं काय आहे, तर हे म्हणाले, गोळ्या. तेव्हापासून ती दर रविवारी विचारते, बीपीच्या का शुगरच्या.