माँट्रोझचं घराणं

मंडळी, स्कॉटलंडचा सरदार जेम्स ग्रॅहॅम, माँट्रोझचा पहिला मार्क्विस, म्हणजे राजाच्या बाजूने गाजवलेली १६४४-४५ ची लढाईवर्षं, असंच बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. लढायांबद्दल मी आज थोडंच बोलणार आहे. या माणसाच्या राजनिष्ठेची किंमत त्याच्या घराने मोजली आणि त्याची आठवण घरातल्या बायकांनी राखली, हे मला आज सांगायचं आहे.

जन्म १६१२ चा. वडील माँट्रोझचे चौथे अर्ल (अर्ल आणि मार्क्विस हे सरदारकीचे किताब), आई रथवेन घराण्यातली. सगळ्या बहिणींत हा एकुलता एक मुलगा. १६२६ मध्ये वडील गेले आणि चौदाव्या वर्षी तो अर्ल झाला. पोरक्या झालेल्या या मुलाला खरा आधार मिळाला तो थोरली बहीण मार्गारेट हिचे यजमान आर्चिबाल्ड नेपियर यांचा. ज्यांच्या लॉगॅरिदमची कोष्टकं आपल्यापैकी अनेकांनी शाळेत चाळली, त्या जॉन नेपियर यांचे हे चिरंजीव. दाजींनी या मेहुण्याला मुलासारखं वाढवलं आणि शेवटपर्यंत त्याची साथ सोडली नाही. १६४१ मध्ये दोघे एडिंबराच्या किल्ल्यात एकाच वेळी कैदेत होते.

सेंट अँड्र्यूजला शिकत असतानाच, सतराव्या वर्षी, त्याचं लग्न लॉर्ड कार्नेगी यांच्या मॅग्डलीनशी झालं. करारच असा होता की पहिली तीन वर्षं जोडप्याने सासुरवाडीला, किनेअर्डला राहायचं. याच काळात घरावर एक मोठं संकट आलं. दुसऱ्या बहिणीचा, लिलियसचा नवरा आपल्या धाकट्या मेहुणीला, कॅथरीनला घेऊन पळाला. पुढे त्याच्यावर चेटकाचासुद्धा आरोप ठेवला गेला. त्यानंतर माँट्रोझ फ्रान्स आणि इटलीच्या प्रवासाला निघाला आणि १६३६ मध्ये परतला.

राजा पहिला चार्ल्स स्कॉटलंडच्या चर्चवर इंग्लंडच्या धर्तीची प्रार्थनापद्धती लादू पाहत होता. त्याविरुद्ध १६३८ मध्ये जो ‘कव्हेनंट’, म्हणजे धर्मरक्षणाचा करारनामा, निघाला, त्यावर माँट्रोझने हौसेने सही केली आणि राजाविरुद्ध सैन्यही चालवलं. पण धर्माचं रक्षण एकीकडे आणि कॅम्पबेल घराण्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे आर्गाइलच्या हाती सत्ता जाणं दुसरीकडे, यातला फरक त्याला लवकर दिसला. त्याने बाजू बदलून राजाचा पक्ष धरला. याला कुणी फितुरी म्हणतात. मला ते पटत नाही. राजाने मर्यादेत राहावं आणि सरदारांनीही राहावं, हे त्याचं म्हणणं दोन्ही वेळा एकच होतं.

अ‍ॅलिस्टर मॅकॉलाचे आयरिश सैनिक आणि डोंगरी कुळं घेऊन त्याने वर्षभरात सहा लढाया जिंकल्या. इन्व्हरलॉकीला, २ फेब्रुवारी १६४५ रोजी, तो बर्फातून डोंगर ओलांडून आर्गाइलवर तुटून पडला. मात्र अ‍ॅबर्डीन जिंकल्यावर त्याच्या सैन्याने शहर लुटलं, निःशस्त्र माणसं मारली. हा डाग पुसता येत नाही, आणि त्याच्या चाहत्यांनी तो पुसायचा प्रयत्न करू नये. फिलिपहॉला १३ सप्टेंबर १६४५ रोजी त्याचा पराभव झाला आणि सगळं संपलं.

याच मोहिमेत थोरला मुलगा जॉन बापाबरोबर होता. वय जेमतेम चौदा. तो मार्च १६४५ मध्ये वारला. मग धाकट्या जेम्सला शत्रूने पकडून एडिंबराच्या किल्ल्यात ठेवलं. वर्ष संपायच्या आत दाजीही गेले. पुढल्या वर्षी माँट्रोझ देशोधडीला लागला आणि १६४८ मध्ये मॅग्डलीन वारली. तिच्याबद्दल इतिहासाने इतकं कमी लिहून ठेवलं आहे, याची मला फार खंत वाटते.

१६५० मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, त्याला पुन्हा स्कॉटलंडमध्ये धाडलं आणि स्वतः त्याच सुमारास विरोधकांशी नेदरलँड्समधल्या ब्रेडाला तहाची बोलणी चालवली. कार्बिसडेलला पराभव झाला, माँट्रोझ पकडला गेला. २१ मे रोजी एडिंबराच्या बाजारचौकात त्याला फाशी दिलं, शिर टोलबूथवर, म्हणजे शहराच्या तुरुंगावर लावलं, हातपाय वेगवेगळ्या शहरांत पाठवले, धड शहराबाहेर पुरलं.

मार्गारेटच्या मुलाची बायको एलिझाबेथ अर्स्किन, म्हणजे माँट्रोझची भाचेसून. तिचा नवरा परागंदा होता. तिने रात्री माणसं पाठवून त्या धडातलं हृदय काढून आणवलं आणि मसाले भरून जपलं. पकडली गेली असती तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं.

१६६० मध्ये राजसत्ता परतली. अवशेष गोळा करून मे १६६१ मध्ये सेंट जाइल्स चर्चमध्ये सन्मानाने दफन झालं. त्याच महिन्यात आर्गाइलचा शिरच्छेद झाला आणि त्याचं शिर टोलबूथच्या त्याच खिळ्यावर चढलं. परंतु आर्गाइलच्या खटल्यात दुसऱ्या मार्क्विसने, त्या कैदेत राहिलेल्या जेम्सने, मत द्यायचं नाकारलं. आपल्या मनात इतका राग आहे की आपण न्याय करू शकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. या घराण्यातला हा मला सर्वांत मोठा क्षण वाटतो.

आणि ते हृदय? पुढचा वृत्तांत सर अलेक्झांडर जॉन्स्टन यांनी १८३६ मध्ये आपल्या मुलींना लिहिलेल्या पत्रातला. त्यांची आई हेस्टर नेपियर घराण्यातली. ती नवऱ्याबरोबर भारतात येताना हृदयाची डबी सोबत घेऊन निघाली. वाटेत फ्रेंच आरमाराच्या तोफगोळ्याने बाहेरची सोन्याची जाळीदार पेटी फुटली, आतली पोलादी डबी वाचली. मदुराईच्या सोनाराने तशीच पेटी नव्याने घडवली, आणि ती ज्या चांदीच्या कलशात ठेवली, त्यावर तमिळ आणि तेलुगूत माँट्रोझची हकिगत कोरली. ज्याच्याजवळ हे असेल त्याला लढाईत जखम होत नाही, अशी वदंता पसरली आणि कलश चोरीला गेला. एका पाळेगाराने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरदाराने, तो विकत घेतला होता. तरुण अलेक्झांडर त्याच्याकडे शिकारीला गेला तेव्हा त्याने तो मानाने परत केला. पुढे हेस्टर युरोपात परतताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती चालू होती आणि सोनंचांदी जमा करायचं फर्मान निघालं होतं. तिने बूलोन इथे एका इंग्रज बाईकडे कलश लपवायला दिला. ती बाई थोड्याच दिवसांत वारली, आणि कलश पुन्हा सापडला नाही.

याच हेस्टरच्या मदुराईच्या घरी कॉलिन मॅकेन्झी, पुढे भारताचा सर्वेक्षक आणि हस्तलिखितांचा संग्राहक म्हणून नावाजलेला, येत असे. जॉन नेपियर यांच्या चरित्रासाठी हिंदूंच्या गणिताची माहिती मिळवायची, या नेपियरांच्या कामातून त्याची भारताशी ओळख झाली, आणि हेस्टरने त्याची तिथल्या विद्वान ब्राह्मणांशी गाठ घालून दिली. त्याच्या पुढच्या प्रचंड संग्रहात मराठी हस्तलिखितंही आहेत. आपल्या अभ्यासकांनी ती वाचताना हेस्टरचं नाव घ्यावं, एवढी माझी विनंती आहे.