हरकत, मुदत आणि नोंद

मित्रहो, मुक्तस्रोत, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पांतली ऑनलाइन चर्चा निर्णयापर्यंत कशी न्यावी, याबद्दल आज बोलू. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या प्रकल्पात एका लहानशा बदलावरून मोठा गदारोळ उठला. संगणकाला ठरावीक वेळ थांबवणाऱ्या ‘स्लीप’ या आज्ञेला पूर्ण सेकंदांसोबत अपूर्णांकही चालावेत, एवढाच तो प्रस्ताव. कोड किरकोळ, पण संदेश इतके आले की पॉल-हेनिंग काम्प या विकसकाने सगळ्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं. ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सायकल-शेडच्या दाखल्याची त्यांनी आठवण करून दिली. समितीपुढे अणुभट्टीचा आराखडा येतो आणि झटक्यात मंजूर होतो, कारण तो कोणालाच पुरता कळत नाही. सायकलींच्या शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. क्षुल्लक गोष्टीवर लांबणाऱ्या चर्चेसाठी ‘बाइकशेडिंग’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो त्या पत्रानंतर.

तेव्हा संदेशांच्या संख्येवरून विषयाचं वजन ठरवू नका. लॉकिंगची, म्हणजे एकाच माहितीला एकाच वेळी दोघांनी हात लावू नये यासाठीच्या कुलपांची, रचना बदलणाऱ्या पॅचला (कोडमधल्या प्रस्तावित बदलाला) दोन उत्तरं येतात, आज्ञेच्या एखाद्या पर्यायाचं नाव काय असावं यावर साठ. पहिल्या ठिकाणी ‘कृपया पाहा’ असं मोघम लिहून भागत नाही. ज्यांना तो भाग ठाऊक आहे त्यांना नावाने विचारा आणि नेमकं काय तपासायचं तेही सांगा: लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात, आणि एखादं फंक्शन मध्येच त्रुटी घेऊन परतलं तर घेतलेलं लॉक सुटतं का. दुसऱ्या ठिकाणी निर्णय एका माणसाकडे सोपवा. ‘नावं शुक्रवारपर्यंत सुचवा, त्यातलं एक मेंटेनर (तो भाग सांभाळणारा) निवडेल’ एवढं एक वाक्य पुरतं.

चर्चा कशी जाईल हे बरंचसं पहिल्या संदेशातच ठरतं. ‘आपण कॉन्फिगरेशनची पद्धत बदलावी का?’ या प्रश्नाला शेवट नाही. आज काय बिघडतं, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पायऱ्यांनी, हे आधी लिहा. मग कोणते पर्याय पाहिले आणि का सोडले ते लिहा. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि पहिली दहा उत्तरं तेच सोडलेले पर्याय सुचवण्यात जातात. शेवटी तुम्हाला काय हवंय ते सांगा: नुसती मतं, रिव्ह्यू (कोडची तपासणी), की मंजुरी? आणि कधीपर्यंत? कच्चा असला तरी पॅच जोडलेला बरा. कोड समोर असला की बोलणं ओळींवर येतं, कल्पनेच्या गुणगानावर राहत नाही.

मुदतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. जगभर विखुरलेल्या प्रकल्पात प्रश्न आणि उत्तर यांची एक फेरी पुरी व्हायला सहज दिवस लागतो. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतदान किमान ७२ तास खुलं ठेवण्याचा संकेत आहे, तो यासाठीच. पण सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू केलेले ७२ तास कागदावरच ७२ असतात. दुसरी अडचण वेगाची. दोन माणसं समोरासमोर बसल्यासारखी दर दहा मिनिटांनी एकमेकांना उत्तरं देऊ लागली, की सकाळी उठून पाहणाऱ्यापुढे चाळीस संदेश असतात. तो वाचत नाही आणि लिहीतही नाही. इंग्रजी ज्याची सवयीची भाषा नाही, असा जाणकार तर सर्वांत आधी गळतो. हे नुकसान मला फार मोठं वाटतं, कारण ते दिसतच नाही. उपाय साधा आहे. ज्याचा प्रस्ताव आहे त्याने प्रत्येक संदेशाला लगेच उत्तर देऊ नये. दिवसभराचे आक्षेप गोळा करावेत, सारखे आक्षेप एकत्र आणावेत आणि एकच उत्तर लिहावं. उत्तर देताना समोरच्याचा लागेल तेवढाच मजकूर ठेवून, त्याच्याखाली आपलं म्हणणं लिहावं. विषय बदलला तर नवा धागा, म्हणजे संदेशांची नवी साखळी, सुरू करावा.

आता हरकतींकडे येऊ. सर्वांचं एकमत हवं असा हट्ट धरला, की सर्वांत चिवट माणूस जिंकतो. इंटरनेटची मानकं घडवणाऱ्या आयईटीएफने २०१४ च्या आरएफसी ७२८२ या आपल्या दस्तऐवजात याचा नीट विचार केला आहे. त्यांची कसोटी अशी: प्रत्येक हरकतीचा विचार झाला पाहिजे, पण प्रत्येक हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असतानाही ढोबळ सहमती असू शकते, असं तो दस्तऐवज सांगतो. शंभर जण एकच हरकत पुन्हा पुन्हा मांडत असतील आणि तिला समाधानकारक तांत्रिक उत्तर मिळालेलं असेल, तर डोकी मोजून काही हाती लागत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी. एकट्याने मांडलेली, अजून उत्तर न मिळालेली हरकत काम थांबवू शकते. अपाचीत बाजूचं मत +१ आणि विरोधी मत −१ असं लिहितात. कोडबदलावर −१ म्हणजे नकाराधिकार, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसत्या ‘मला आवडत नाही’ला किंमत नाही. रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याला, मात्र नकाराधिकार लागू नाही. तिथे किमान तीन बंधनकारक (अधिकृत मोजणीत धरले जाणारे) +१ हवेत, आणि +१ ची संख्या −१ पेक्षा जास्त हवी.

म्हणून विरोध करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ‘काय बदललं तर तुम्हाला हे चालेल?’ उत्तर आलं तर पुढचं काम कळतं. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तो मतभेद पॅचबद्दलचा नाही, प्रकल्पाच्या दिशेबद्दलचा आहे. तो वेगळा काढून बोलावा.

धागा वीस-पंचवीस संदेशांपलीकडे गेला की कोणीतरी सारांश लिहायला हवा. शक्यतो प्रस्ताव मांडणाऱ्याने नको. कशावर एकमत आहे, काय शिल्लक आहे, कोणती मोजमापं अजून हवीत, एवढंच त्यात असावं. सारांश चांगला झाला की नाही हे विरोधकाकडून कळतं: ‘माझं म्हणणं हेच होतं’ असं त्याला म्हणता आलं पाहिजे.

शब्द तापले तर ‘तुम्ही’ हा कर्ता वाक्यातून काढा. ‘तुम्ही चाचणीच केली नाही’ याऐवजी ‘रिकामी फाइल दिली की हे फंक्शन कोसळतं’ असं लिहिलं, तर उत्तरात दुरुस्ती येण्याची शक्यता खूप वाढते. डिवचणाऱ्या वाक्याला उत्तर देऊच नये. त्याच संदेशात तांत्रिक मुद्दा असेल, तर तेवढ्याच मुद्द्याला द्यावं. वागण्याबद्दल बोलायचं असेल तर आधी खाजगीत बोलावं. चारचौघांत टोकलं की माणूस बचावाला उभा राहतो.

लांबलेल्या वादाची किंमत माणसंच मोजतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बदलाच्या औपचारिक प्रस्तावाला पेप म्हणतात. २०१८ साली पेप ५७२ वर, म्हणजे वॉलरस ऑपरेटर या नव्या चिन्हावर, प्रदीर्घ वाद झाला. प्रस्ताव मंजूर झाला आणि त्याच जुलैत पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाची आपली जबाबदारी सोडली. पुढे ती पाच जणांच्या निवडून आलेल्या सुकाणू मंडळाकडे गेली.

पायथनचीच एक चांगली सवय उचलण्याजोगी आहे. पेपमध्ये नाकारलेल्या कल्पनांसाठी स्वतंत्र विभाग असतो. लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, अनेक कमिट संदेशांत (बदल नोंदवताना लिहिलेल्या टिपांत) मूळ चर्चेकडे नेणारी ‘लिंक’ ओळ असते. निर्णय रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या भांडारातच, नोंदवा: काय ठरलं, कोणते पर्याय का सोडले, आणि कोणती परिस्थिती बदलली तर विषय पुन्हा उघडायचा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न नव्याने आला, तर विचारणाऱ्याला ती नोंद दाखवा. त्याच्याकडे नवं मोजमाप, नवी त्रुटी असेल किंवा प्रकल्प ज्यावर अवलंबून आहे ती लायब्ररी (तयार कोडचा संच) बदलली असेल, तर धागा जरूर उघडा, आणि पहिल्याच संदेशात ती नवी गोष्ट लिहायला सांगा.