इथले

नमस्कार श्रोतेहो.

माझ्याकडे प्लास्टिकची एक छोटी पिशवी आहे. आत तीन बोल्ट, दोन वॉशर आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात एकच शब्द आहे: 'इथले'. तो लिहिताना मी त्या जागेसमोरच उभी होते, त्यामुळे 'इथे' म्हणजे कुठे, हे लिहायची गरज वाटली नव्हती. पुढे गाडी जोडून झाली, चालायला लागली, पण ते तीन बोल्ट कुठले हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जुनी गाडी घरच्या घरी पुन्हा उभी करणं, या विषयावर आज बोलायचं आहे. माझी गाडी उघडायला मला ११ दिवस लागले आणि जोडायला सहा वर्षं. ती सहा वर्षं कशात गेली, ते सांगते.

आधी एक खुलासा, नाहीतर जाणकार मंडळी रागावतील. 'व्हिंटेज' हा शब्द आपण कुठल्याही म्हाताऱ्या गाडीला लावतो. काटेकोर अर्थाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. ब्रिटनमध्ये १९३४ साली निघालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबमुळे ही १९३० ची रेघ रूढ झाली. माझी गाडी १९४८ ची, म्हणजे तिला नुसतं 'जुनी' म्हणायचं. गंजाला मात्र हा फरक कळत नाही.

गाडी आली तेव्हा इंजिन जाम होतं. माझे मामा आयुष्यभर फिटर होते. मी उत्साहाने बॅटरी जोडायला निघाले, तर ते म्हणाले, "अगं, थांब. बॅटरीला हात लावू नकोस. प्लग काढ, तेल सोड आणि आठ दिवस विसरून जा." बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटून बसतात. सेल्फने जोर लावला तर रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडा उठतो. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडायचं आणि ते झिरपू द्यायचं. आठ दिवसांनी मी इंजिन हाताने फिरवायचं हँडल लावलं. हललं नाही. पुन्हा तेल. सोळाव्या दिवशी ते हातभर फिरलं, आणि आतून ओला, चिकट असा 'चुक्' आवाज आला. इंजिन सुरू झालं नव्हतं, नुसतं हललं होतं, तरी मी मामांना फोन केला.

हँडलचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन हँडल उलटं मारतं. मूठ घट्ट असेल तर अंगठा किंवा मनगट मोडतं, मोकळी असेल तर हँडल हातातून निसटून जातं.

आता आटे. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या पान्याने चार नट गोल करून ठेवले. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर बऱ्याचदा व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ही पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी आट्यांचा कोन ६०. खरी गंमत पान्यावरच्या आकड्यात आहे. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहिलेली असते, नटाच्या डोक्याची रुंदी नाही. म्हणजे अर्धा इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना आणि अर्धा इंच लिहिलेला अमेरिकी पाना यांची तोंडं वेगवेगळ्या मापाची. हातात अर्ध्या इंचाचा पाना आहे, नटही अर्ध्या इंचाचा आहे, आणि तरी पाना बसत नाही! मला वाटलं, नट झिजलाय. म्हणून ठोकून बसवला. असो.

गंज काढायला मी सगळ्यात जास्त वापरली ती पद्धत स्वस्त आणि संथ आहे. प्लास्टिकचा टब, पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि साधा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी तुकडा धन टोकाला, दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न चिकटता. रात्रभरात लाल गंज काळा आणि मऊ पडतो, ब्रशने निघून येतो, आणि खालचं चांगलं लोखंड झिजत नाही. तीन पथ्यं मात्र पाळायचीच. काम उघड्यावर करायचं, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीत पेटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि अ‍ॅल्युमिनियम टबात टाकायचं नाही, ते विरघळतं. हे तिसरं मी कार्बोरेटरच्या झाकणावर शिकले.

काही धोके तर दिसतही नाहीत. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टस असतं. ड्रम उघडल्यावर ती पूड फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुन्या रंगात शिसं असतं, आणि त्या काळी पत्र्याचे खड्डे पुट्टीऐवजी शिशानेच भरत. त्यामुळे कोरडं घासणं बंद. पेट्रोलची टाकी कितीही वर्षं रिकामी असली, तरी तिला वेल्डिंगची ज्योत लावायची नाही. आत पेट्रोल उरलेलं नसतं, वाफ मात्र असू शकते, आणि स्फोटाला तेवढी पुरते.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दारांखालचा लांब पत्रा गंजून चाळण झाला होता. मी गाडी जॅकस्टँडवर चढवली, गंजका पत्रा कापला, मापाचा नवा तुकडा बसवला, वेल्डिंग केलं. सुरेख. दार लावायला गेले, तर कडी जागेवर येईना. दोन सूत वर. ज्या गाडीला खाली वेगळी चासी नसते, तिचं वजन तो पत्राच पेलत असतो. तो कापल्याबरोबर गाडी मधोमध किंचित खचली होती, आणि ते खचणं मी वेल्डिंग करून कायमचं करून टाकलं. आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या लोखंडी पट्ट्या जोडून मग कापायचं असतं. मामा आले. दार एकदा उघडलं, एकदा लावून बघितलं, काही बोलले नाहीत, चहा न पिता गेले. मी सगळं पुन्हा कापलं. त्या दोन सुतांत आठ महिने गेले.

वही त्या दिवसापासून सुरू झाली. काय कापलं, त्याआधी दाराची फट वर किती, खाली किती, कुठला बोल्ट कुठून, वायर कुठल्या रंगाची आणि कुठे जाते. फोटो तर काढायचेच, पण फोटोत बोल्टची लांबी दिसत नाही, आणि वॉशर नटाच्या आत होता की बाहेर हेही कळत नाही. जुन्या गाड्यांची फीवा नावाची जागतिक संघटना आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिच्या तुरिनच्या सनदेत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवा असं सांगितलंय, आणि शक्य तिथे मूळचं टिकवा, बदलणं नंतर, असाही तिचा कल आहे. मला हे फार पटतं. झिजलेली मूळ सीट एकदा टाकून दिली की ती परत येत नाही. माझ्या गाडीच्या मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा बोनेटच्या आत मी मुद्दाम तसाच ठेवलाय. भडक चकाकी करून घेणाऱ्यांशी माझं वाद घालणं चालूच असतं. १९२० च्या आधीच्या गाडीवर झगझगीत क्रोम दिसलं की मला हसू येतं. तेव्हा निकेल असायचं, किंचित पिवळसर. क्रोम १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर आलं.

वायरिंगचा एक हिशेब सांगते. माझी गाडी सहा व्होल्टची. ३६ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अ‍ॅम्पियर लागतात, सहा व्होल्टवर सहा. म्हणजे वायर जाड हवी. मी हाताशी होती ती बारीक वायर घातली, आणि दिवे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे मिणमिणायला लागले. शिवाय या गाड्यांत कित्येकदा बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या बरोबर उलट. न बघता जोडलं तर डायनमोचं, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं, धन-ऋण उलटं होतं.

ब्रेक मात्र मी कुणाचंही न ऐकता सगळे नवीन केले. मूळचं टिकवण्याचा हट्ट ब्रेकपाशी सोडायचा. रबरी वाट्या, नळ्या, द्रव, सगळं. द्रव ठरवून दिलेलाच घालायचा, कारण इंजिनचं तेल चुकून गेलं तरी रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतो. तो द्रव रंगावर सांडला तर रंग उकलतो. हेही मला मडगार्डवर कळलं.

सहाव्या वर्षी एका सकाळी सगळं जागेवर होतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता, तेलाचा दाब दिसत होता. हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. मामा शेजारी बसले. दोनशे पावलं गेलो, ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. मामा म्हणाले, "आता घे पुढे." पुढे घेतली. अर्ध्या मैलावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ठिणगी पाडणारे पॉइंट बघितले, ठिणगी होती. कार्बोरेटर उघडला, कोरडा. टाकीत काठी घातली, तीही कोरडी. काटा अर्ध्यावर अडकलेला होता, बहुधा गाडी माझ्याकडे आली त्या दिवसापासून.

मामांनी मागून ढकललं, मी स्टिअरिंग धरलं. घरी येऊन वहीत लिहिलं: पेट्रोल संपलं. काटा काढून बघणे. बाकी ठीक.