गल्लीतली तक्रार सभागृहात पोचते कशी?

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव महापालिकेची सर्वसाधारण सभा जवळ आली की वडगाव, शहापूर, अनगोळच्या गल्ल्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'या वेळी सगळे मिळून सभेत जाऊ आणि विचारूच.' जायला हरकत नाही. पण सभागृहात बोलायचा हक्क नगरसेवकाचा. आपण बाकावर बसून ऐकायचं. म्हणून तक्रार अशी लिहायला हवी, की आपला नगरसेवक उभा राहिला आणि कागद हातात घेतला, तर दोन मिनिटांत मुद्दा मांडता येईल आणि अधिकाऱ्याला 'बघतो' म्हणून सुटता येणार नाही.

ड्रेनेजचंच बघा. 'आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबतं, कृपया लक्ष द्यावे', असे अर्ज ढिगानं जातात. त्यावरून कनिष्ठ अभियंत्याला काय कळणार? त्याऐवजी आठ दिवस नीट बघा. रोज सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, घरोघरी पाणी वापरलं जातं तेव्हाच चेंबर भरून वाहतो का? मग पाइपात कुठेतरी अडथळा आहे. उताराकडचा पुढचा चेंबर जवळजवळ कोरडा असेल, तर अडथळा या दोन चेंबरच्या मध्येच. तोही भरलेला असेल, तर दोष आणखी खाली, कदाचित दुसऱ्या गल्लीत. पण चेंबर फक्त पावसातच उसळत असेल, तर गोष्ट वेगळी. छपराचं आणि अंगणाचं पाणी लोकांनी गटारीत सोडायचं ते ड्रेनेजला जोडलेलं असतं, आणि सांडपाण्याच्या मापाचा पाइप तेवढं पाणी घेऊ शकत नाही. अशा ठिकाणी कितीदाही गाळ काढला तरी पुढच्या पावसात तेच. पुढच्या चेंबरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आत विषारी वायू साचलेला असतो. सफाईचे लोक आले की त्यांच्याकडून बघून घ्या, आणि त्यांनाही आत उतरू देऊ नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. काम यंत्रानंच व्हायला हवं.

आता एवढं कळल्यावर अर्ज आपोआप वेगळा होतो. अमुक घरासमोरचा चेंबर, अमुक तारखेपासून, रोज इतके ते इतके वाजता, पुढचा चेंबर कोरडा. मग मागणी : या दोन चेंबरमधला पाइप जेटिंग मशीननं, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारणाऱ्या यंत्रानं, साफ करावा, तरीही तुंबला तर तेवढा तुकडा बदलावा. तारीख दिसेल असे दोन फोटो. गल्लीच्या पंचांची आणि महिला मंडळाची सही, घर क्रमांकासह. एका अर्जात एकच तक्रार. ड्रेनेज, पथदीप आणि कुत्री एकाच कागदावर घातली, की कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलावर थांबत नाही.

भाषेचं म्हणाल, तर मराठीत निवेदन द्यायचा अधिकार घटनेच्या 350 व्या कलमानं दिलेला आहे. गाऱ्हाणं दूर करून घेण्यासाठी राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. तो अधिकार सोडू नये, मराठी अर्ज वरच ठेवावा. पण त्यामागे कन्नड भाषांतराचं एक पान जोडा. फाइलवरचे शेरे कन्नडमध्ये पडतात, आणि आपलं पाणी लवकर निघावं हीच आपली गरज आहे. विषयपत्रिका हाती आली तर काही शब्द ओळखता यायला हवेत : चरंडी म्हणजे उघडी गटार, ओळचरंडी म्हणजे जमिनीखालचं ड्रेनेज, बीदी दीप म्हणजे रस्त्यावरचा दिवा. चरंडी आणि ओळचरंडीत गल्लत झाली, तर मंजुरी गटारीला मिळते आणि चेंबर तसाच उसळत राहतो.

माहिती अधिकाराचा नियम मात्र वेगळा. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये, द्यावा लागतो. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे विषय एकच आणि शब्द 150 च्या आत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पुरते. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत द्यावी', एवढंच विचारा. त्यासाठी मूळ अर्जाची पोच लागते, म्हणून आवक विभागात शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. हे सर्वांत जास्त लोक विसरतात, आणि सहा महिन्यांनी हातात काहीच उरत नाही.

अर्ज कुठे द्यायचा तेही आधी ठरवा. कॅम्पात राहणाऱ्यांचं गाऱ्हाणं कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, वीज गेली तर हेस्कॉमकडे. निपाणीत नगरसभा आहे, खानापुरात पट्टण पंचायत. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात घुसतं, भातपीक कुजतं. तो नाला शहर ओलांडून शेतात जातो, म्हणून महापालिकेबरोबर एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडेही हवी, आणि ती एप्रिलमध्येच. जूनमध्ये पाणी भरल्यावर गाळ काढायला यंत्र उतरवता येत नाही.

नगरसेवकाला अर्जाची प्रत सभेच्या निदान आठवडाभर आधी द्या. सभेच्या दिवशी दारात कागद हातात कोंबला, तर तो खिशातच राहतो. घटनेच्या 243 एस कलमात तीन लाख व त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. कर्नाटकच्या कायद्यात त्या समितीचा अध्यक्ष नगरसेवकच असतो. बेळगावची वस्ती तीन लाखांच्या कितीतरी वर आहे. गल्लीतल्या रहिवाशाला अधिकृतपणे बोलायची जागा तिथे आहे, सभागृहात नाही. आपल्या वॉर्डाची समिती झाली आहे का, शेवटची बैठक कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठे आहे, हे तीन प्रश्न याच आठवड्यात लेखी विचारा. आणि त्याचीही पोच घ्या.

नमस्कार.