बाकी किती? भिवंडीच्या मागांवरची एक वही

[दृश्य: भिवंडी, कणेरीची गल्ली. सकाळचे पावणेसात. पत्र्याच्या शेडचं दार. आत-बाहेर करणारे पाय. मागांचा आवाज आधी, चित्र नंतर.]

सात वाजता पाळी बदलते. रात्रीचा कारागीर मागावरून हात काढतो आणि दिवसाचा तिथेच हात ठेवतो. मधे माग थांबत नाही. थांबला तर पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते, आणि त्या रेघेचे पैसे कोणाच्या नावावर पडतात ते पुढे येईलच.

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला भिवंडी म्हटलं की आता गोदामं आठवतात. पण मानकोलीचा फाटा सोडून गावात शिरलं की शांतीनगर, कामतघर, पद्मानगर, निजामपूर, सगळीकडे तोच खडखडाट. उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसं कल्याणला उतरून इथे येतात. पद्मानगरात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. इथून निघणारं कोरं कापड, म्हणजे ग्रे, पुढे रंगाईला जातं, मग शिलाईला, मग दुकानात. दुकानातल्या शर्टाच्या कॉलरवर ब्रँडचं नाव असतं. मागाचं नाव कुठेच नसतं. त्या मागावरचं काम सक्तीचं आहे का हे कसं ओळखायचं आणि ते कसं रोखायचं, ते इथे पाहायचं.

[दृश्य: धोटा, अगदी जवळून. हात. रिकामी कांडी बाहेर, भरलेली आत.]

हा साधा यंत्रमाग. उभे धागे मागच्या बाजूच्या बीमवरून (धागे गुंडाळलेल्या रुळावरून) येतात, वयांतून (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटींतून) आणि फणीतून पुढे सरकतात. आडवा धागा धोट्यातल्या, म्हणजे शटलमधल्या, कांडीवर असतो. मिनिटाला साधारण 140 वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. सुताच्या जाडीप्रमाणे दहा-पंधरा मिनिटांत कांडी संपते आणि ती हातानेच बदलावी लागते. एका माणसाकडे सहा माग धरले, तर दर दोनेक मिनिटांनी कुठली ना कुठली कांडी रिकामी होते. त्यातच उभी तार तुटते. तार तुटली की आपोआप थांबणारी सोय या मागांवर सहसा नसते, डोळ्यालाच दिसावं लागतं. दिसेपर्यंत जितकं कापड विणलं गेलं तितकं डॅमेज.

[दृश्य: ताग्याची घडी. निळ्या खडूने कापडावर खूण. कॅल्क्युलेटरवर बोटं.]

आता हिशेब. इंचाला 60 पिक, म्हणजे 60 आडवे धागे, असलेलं कापड धरा. मीटरमधे 39.37 इंच, म्हणून मीटरला साधारण 2,360 पिक. माग मिनिटाला 140 पिक टाकतो, पण तुटणं, बदलणं, वीज जाणं धरून 80 टक्केच वेळ खरा चालतो. म्हणजे 112. एक मीटर कापडाला 21 मिनिटं लागली. बारा तासांत एका मागावर 34 मीटर. सहा मागांवर दोनशेच्या थोडं वर.

मजुरी मीटरवर असते. इचलकरंजीत 52 पिकाच्या कापडावर दर बांधतात; इथे ज्याचं त्याचं, गल्लीगणिक वेगळं. उदाहरणापुरता मीटरला दोन रुपये दर घ्या. बारा तासांचे झाले 410 रुपये. ऐकायला वाईट वाटत नाही. पण किमान वेतन आठ तासांच्या दिवसावर मोजतात. आठ तासांत होतात 136 मीटर, म्हणजे 273 रुपये. आणि आठ तासांपुढचा प्रत्येक तास कायद्याने दुप्पट दराचा, म्हणून बारा तासांची खरी मजुरी सोळा तासांची भरते. 410 भागिले 16, गुणिले 8: 205 रुपये. त्या कामाच्या आणि त्या परिमंडळाच्या किमान वेतनाशेजारी हा 205 मांडायचा, 410 नाही. तपासणी करणारे नेमके 410 मांडतात, कारण पगारपत्रकात तासांचा रकानाच नसतो.

ही नुसती कमी पगाराची तक्रार नाही. 1982 साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हे संविधानाच्या कलम 23 प्रमाणे सक्तीचं काम आहे. उपाशी माणसाला पर्याय नसणं हीही जबरदस्तीच, असा त्या निकालाचा अर्थ.

[दृश्य: भिंतीवर खिळ्याला सुतळीने बांधलेली वही. लाल पुठ्ठा, तेलाचे ठसे. पान उलटतं.]

आणि आता ही वही.

डावीकडे तारीख. मधे मीटर. उजवीकडे तीन रकाने: खर्ची, भिस्सी, बाकी. खर्ची म्हणजे आठवड्याला हातात दिलेले शे-पाचशे. भिस्सी म्हणजे जेवणाची खानावळ. तिचे पैसे मालक परस्पर भरतो आणि पगारातून वळते करतो. बाकी म्हणजे गावाहून येण्याआधी घेतलेली उचल, त्यातून फिटलेली वजा, नवीन घेतलेली अधिक.

समजा 30,000 ची उचल आहे आणि दर पंधरवड्याला हजार कापतात. काहीही नवीन न घेता फिटायला 30 पंधरवडे, म्हणजे सव्वा वर्ष. पण मधे छठ येते, ईद येते, बहिणीचं लग्न येतं, आणि आणखी दहा हजार चढतात. डॅमेज चढतं. वही बघताना म्हणून शेवटचा आकडा नाही बघायचा. वर्षभरापूर्वीचा आणि आजचा असे दोन आकडे शेजारी ठेवायचे. राबून झालं वर्षभर आणि बाकी तेवढीच राहिली किंवा वाढली, तर तिथे थांबायचं आणि नीट विचारायचं.

[दृश्य: डॅमेजच्या ओळीवर बोट. कापडावरची आडवी रेघ उजेडात धरलेली.]

ही ती रेघ. वीज झपकन गेली आणि आली, माग थांबून सुटला, तिथे पिक दाट-विरळ बसले. कांजी नीट न बसलेल्या बीमवर तारा सारख्या तुटतात, ती चूक सायझिंगवाल्याची. धोट्याला फटका देणारी लाकडी दांडी झिजली असेल तर ती मालकाने बदलायची. कापणी मात्र कारागिराच्या नावावर, आणि तीही कित्येकदा मजुरीच्या दराने नाही, तयार कापडाच्या भावाने. कायद्यात नुकसानीची कपात फक्त माणसाच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची करता येते, आणि तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कामाआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण पगारातून वळती करायची असते, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली उचल तर वसूलच करता येत नाही. रेल्वेचं तिकीट बाकीत चढलेलं दिसलं, तर ती ओळ बेकायदा.

[दृश्य: भिस्सी. पत्रावळीवर डाळ-भात. बाकावर बसलेले आठ-दहा जण, चेहरे दिसत नाहीत.]

मागाजवळ मुलाखत होत नाही. आवाज 90 डेसिबलच्या वर असतो, दोघांना ओरडावं लागतं आणि तिसऱ्याला, म्हणजे मुकादमाला, सगळं ऐकू जातं. म्हणून भिस्सीत, पाळी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी. आणि प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. 'तुम्ही वेठबिगार आहात का' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: नाही. त्यापेक्षा सोपे प्रश्न. पिछली बार घर कब गए थे? तिकीट किसने कटवाया? आधार किसके पास है? आधार 'पोलीस व्हेरिफिकेशन'साठी घेतलं आणि महिनोन् महिने मालकाच्या कपाटात राहिलं, ही अगदी नेहमीची गोष्ट. झेरॉक्स घ्यायला दोन मिनिटं लागतात.

सगळ्यात कामाचा प्रश्न शेवटी. पलीकडच्या गल्लीत मीटरला दहा पैसे जास्त मिळाले तर उद्या तिकडे जाता येईल का? 'नया सेठ बाकी भरेगा तब' असं उत्तर आलं, तर बाकी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिच्यासोबत माणूस जातो. चिठ्ठीवर आकडा असतो, नाव असतं, सही असते. बैल विकताना पावती करतात, तशी.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाच्या 11 खुणा सांगितल्या आहेत: फसवणूक, कागदपत्रं अडकवणं, पगार थकवणं, कर्जाचा फास, अतोनात ओव्हरटाइम वगैरे. साखळी आणि कुलूप शोधणाऱ्याला भिवंडीत काही सापडणार नाही. दार उघडं असतं. वही बघा.

[दृश्य: विजेचे चार मीटर एका भिंतीवर. त्यांच्यामागे एकच लांब शेड, एकच पत्रा.]

हे दृश्य नीट पाहा. शेड एक, मीटर चार. चौघांच्या नावावर चार 'कारखाने', प्रत्येकात पाच-सहा माणसं. विजेवर चालणारा कारखाना आता 20 कामगारांपासून कायद्याच्या व्याख्येत बसतो. 1948 च्या मूळ कायद्यात हा आकडा 10 होता. त्या रेषेच्या खाली राहण्यासाठी भिंत घालावी लागत नाही, मीटर पुरतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, तरी ही युक्ती जुन्याइतकीच चालते.

पण याच मीटरचा उलटा उपयोग होतो. एका हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण युनिटच्या आत-बाहेर वीज खाते. 24 माग, दोन पाळ्या, दिवसाला ढोबळ चारशे युनिट. आणि 60 पिकाच्या कापडाच्या हिशेबाने या 24 मागांवर दिवसाला साधारण 1,640 मीटर निघतात. त्याहून खूप जास्त निघायला धोट्याचा वेग वाढावा लागेल, आणि तो वाढत नाही. आता चलनं, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, काढा. दिवसाला 3,000 मीटर गेल्याचं चलन असेल, तर उरलेलं कापड दुसऱ्या शेडमधे विणलं गेलं आणि त्या शेडचं नाव खरेदीदाराला कोणी सांगितलेलं नाही. बहुतेक वेळा गोंधळ तिथेच असतो.

[दृश्य: ऑफिसमधला ऑडिट रिपोर्ट, गुळगुळीत पानं, भिंतीवर चार भाषांतलं पोस्टर.]

शिलाई कारखान्याचं ऑडिट होतं. तारीख आधी कळवून, दिवसा, पंख्याखाली. माग तिथून तीन हात लांब असतो: शिलाईवाला ग्रेच्या व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी सूत आणि बीम देऊन मजुरीवर विणून घेतो, आणि मजुरीवर विणणारा काम वाढलं की शेजाऱ्याला देतो. सूत त्याच्याही आधीचं. तामिळनाडूतल्या काही सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाने चाललेली पद्धत आठवा: मुलींना वसतिगृहात ठेवायचं, तीन वर्षं काम, आणि एकरकमी पैसे शेवटी. शेवटापर्यंत टिकली तर.

म्हणून रोखायचं असेल तर खरेदीच्या कागदावरच काही गोष्टी हव्यात. प्रत्येक लॉटला मागाच्या शेडचा पत्ता आणि मागांची संख्या. परवानगीशिवाय काम पुढे द्यायचं नाही. वहीची दुसरी प्रत कारागिराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा लिपीत. पगार बँकेत, आणि एटीएम कार्ड त्याच्याच खिशात (मुकादमाकडे आठ-दहा कार्डांचा गठ्ठा असतो, तोही विचारायचा). भरतीचा आणि प्रवासाचा खर्च मालकाचा. आणि मजुरीवर विणून घेणाऱ्याने दर परवडेल इतका द्यायचा, वेळेवर द्यायचा. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचा नियम 2006 पासून आहे. न दिल्यास ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, हा आयकराचा चिमटा 1 एप्रिल 2024 पासून आला. पण त्यासाठी मागवाल्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, लागते. नव्वद दिवस पैसे न मिळालेला मागवाला कारागिराला पगार देत नाही, खर्ची देतो. बाकी तिथून जन्मते.

[दृश्य: प्रांत कार्यालयाचा जिना. फायली.]

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा. ठाणे जिल्ह्याला तो पुस्तकातून कळलेला नाही. वीटभट्ट्यांवरच्या कातकरी कुटुंबांच्या सुटकेसाठी इथल्या संघटना 1980 च्या दशकापासून झगडत आल्या आहेत. या कायद्यात कर्ज रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, मजुरावर नाही. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असते. प्रांताधिकाऱ्यांचं मुक्तता प्रमाणपत्र मिळालं की तातडीची मदत 30,000 पर्यंत, पुढे पुरुषाला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन, फार वाईट प्रकरणात तीन. यातली मोठी रक्कम खटल्यात शिक्षा झाल्यावर मिळते. मालकाला शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजारांपर्यंत, 1976 च्या भावातला. लहान मूल मागावर दिसलं तर 1098.

[दृश्य: मानकोली. टेम्पोत ताग्यांचे गठ्ठे. ताडपत्री ओढली जाते.]

काही तागे मुंबईच्या बाजारात जातात, काही रंगाईला, आणि काहींचे कपडे होऊन न्हावा शेव्याच्या कंटेनरमधे बसतात. युरोपीय संघाचा नियम 14 डिसेंबर 2027 पासून लागू होईल: सक्तीच्या श्रमातून आलेला माल, साखळीतल्या कुठल्याही टप्प्यावरचा असो, तिथल्या बाजारात चालणार नाही. तेव्हा विचारलं जाईल की हा तागा कुठल्या मागावर विणला. या टेम्पोच्या चलनावर व्यापाऱ्याचं नाव आहे, मीटर आहेत, गाडीचा नंबर आहे.

[दृश्य: कणेरीची शेड, संध्याकाळचे सात. पाळी बदलते. खिळ्याची वही. एक हात मीटरचा आकडा लिहितो. मागांचा आवाज. निवेदन नाही.]