उजव्या पायाची काळी तार

(बारावीच्या निकालांच्या दिवसांत नाशिकमध्ये विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माइकमधून घुं असा आवाज येतोय आणि मंडपवाल्या दादांनी दोनदा बटणं फिरवून पाहिली. दादा, राहू द्या. आज मला त्याच आवाजाबद्दल बोलायचंय, नमुना फुकटात मिळाला.

हा घुं म्हणजे आपल्या घरातली वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. भिंतीतल्या वायरींतून ती आसपास पाझरत असते, तुमच्या-माझ्या अंगावरही थोडी उतरते. व्याख्यानात ती शिरली तर फार काही बिघडत नाही. पण हृदयाच्या ठोक्याची जी वीज आपण ईसीजी काढताना कातडीवरून उचलतो, ती असते जेमतेम एक मिलिव्होल्ट. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. गणपतीत रविवार कारंज्यावर ढोल चालू आहेत आणि आजीनं कानाशी हळू आवाजात सांगितलेलं तुम्हाला शब्दन्‌शब्द कळायला हवं, असं हे काम. बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे रुग्णालयातली यंत्रं बनवायची आणि सांभाळायची विद्या; माझी शाखा तीच. तिची चार वर्षं यातच बरीचशी जातात.

निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. ‘मॅडम, नीटमध्ये मार्क कमी पडले, बायोमेडिकल तरी मिळेल का?’ हा ‘तरी’ मला खुपतो. एक तर ही शाखा इंजिनिअरिंगची आहे. प्रवेश सीईटीच्या पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित, या ग्रुपवर होतो. ज्यानं अकरावीतच गणित सोडलं, त्याला मी काय सांगणार? दुसरं, म्हसरूळला आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आहे, म्हणून पुष्कळ पालकांना वाटतं की ही पदवी तिथूनच मिळत असेल. तसं नाही. इंजिनिअरिंगची कॉलेजं त्या विद्यापीठाखाली येत नाहीत. मी स्वतः मुंबईत शिकले, शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी पहाटे डबा घेऊन नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची. आणि तिसरं म्हणजे, यातून कुणी अर्धा डॉक्टर होत नाही. शरीररचना शिकावी लागते, पण पहिली दोन वर्षं खरी मानगुटीवर बसतात ती फुरिए आणि लाप्लास ही दोन गणिती माणसं. ज्याला गणित नकोसं झालंय म्हणून तो इकडे वळतोय, त्यानं वळू नये.

आता एक गोष्ट सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, मे महिना, नाशिकमधलंच एक रुग्णालय. सिस्टरांचा निरोप आला, ‘ईसीजी मशीन गेलं, पट्टीवर नुसती जाड रेघ येते.’ मी बॅग घेऊन धावले. जेल बदललं, चिमटे घासून पुसले, केबल बदलली. रेघ जाडच. मशीनमधला फिल्टर चालू केला, रेघ बारीक झाली. मला वाटलं, जिंकलं. डॉक्टर म्हणाले, ‘फिल्टर काढा. तुमच्या सोयीसाठी हृदयातल्या बारीक खाचा पुसू नका.’ बरोबर होतं त्यांचं. फिल्टर काही विजेचा घुं ओळखून तेवढाच वेचत नाही, त्या पट्ट्यात जे जे येईल ते कापतो.

मग मी प्लग काढून मशीन बॅटरीवर चालवलं. रेघ स्वच्छ! म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हता, भिंतीकडून येत होता. तिथे एक वायरमन मामा होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी पट्टी पाहिलीसुद्धा नाही. काही न बोलता बादली उचलली आणि खाली गेले. मी मागोमाग. इमारतीच्या मागे, वाळलेल्या गवतात, विटांचा चौकोन आणि त्यावर फुटकी फरशी. मामांनी फरशी सरकवली, आत तीन बादल्या पाणी ओतलं, हात झटकले. अर्थिंगचा खड्डा. कोळसा आणि मीठ घालून पुरलेला, उन्हाळ्यात कोरडाठाक पडलेला. माती सुकली की तिचा रोध वाढतो, मग मशीनच्या अंगावरची वीज जमिनीत मुकाट्यानं जायची ती रोग्याच्या तारांमध्ये घुटमळते. चहा होईपर्यंत वर रेघ बारीक झाली. मामा म्हणाले, ‘ताई, मशीन उघडायच्या आधी खड्डा कुठाय ते विचारत जा.’ आजही नवीन रुग्णालयात गेले की मी पहिलं तेच विचारते. लोकांना वाटतं बाईंना जागा हवीय गाडी लावायला.

ईसीजीचे हातापायांचे चार चिमटे तुम्ही पाहिले असतील. उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा. यातली काळी तार हृदयाचं काहीच मोजत नाही. बारा लीडच्या, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणाऱ्या आलेखात उजव्या पायाचा कुठेच हिशेब नाही. मग ती कशाला? अंगावर जो विजेचा घुं पसरलेला असतो तो मशीन आधी मोजतं, उलटा करतं आणि त्या काळ्या तारेतून अंगात परत सोडतं, म्हणजे दोघं एकमेकांना बरंच खोडून काढतात. डच शास्त्रज्ञ आइंटहोवन यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पहिली ईसीजी यंत्रं चालवली, तेव्हा रोगी दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. तिथेही उजवा पाय मोकळाच होता. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं सर्किट पाठ करून जातात. सर्किट काढता येतं, पण तार का लावली हे विचारलं की वर्गात शांतता.

पण खरखर नेहमी शत्रूच असते असं नाही. कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्याच्या मुळाशी ताकुओ आओयागी नावाचे जपानी इंजिनिअर आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भलतंच मोजत होते. रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त फेकतं ते. त्या मोजमापात नाडीचे ठोके लुडबुडत होते. ती लुडबूड घालवायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की ठोक्यागणिक जेवढं बदलतं, तेवढं धमनीतलं रक्तच असणार. कातडी, हाड, मांस काही ठोक्याबरोबर बदलत नाही. लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, दोन्हींतल्या या चढउताराचं गुणोत्तर काढलं की ऑक्सिजन कळतो. पल्स ऑक्सिमेट्रीचं हे तत्त्व १९७४मध्ये जगासमोर आलं. आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेले, ऐन साथीत, जेव्हा जगभर घराघरात त्यांची कल्पना बोटाला लागत होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. कृष्णवर्णीय रोग्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडलेला असतानाही यंत्र ‘ठीक आहे’ म्हणायचं, आणि हे गोऱ्या रोग्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. कातडीतला रंगसुद्धा प्रकाश शोषतो. हे यंत्र कॅलिब्रेट करताना, म्हणजे त्याचे आकडे खऱ्या मोजमापाशी जुळवताना, निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन मुद्दाम सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि त्यावरून तक्ता बसवतात. ते स्वयंसेवक कुठले, कुठल्या वर्णाचे, हे आपण दुकानात विचारतो का? आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या देशात हा प्रश्न पहिल्या वर्षीच शिकवायला हवा असं माझं मत आहे.

वर्गात एका विषयाची मुलांना हटकून भीती वाटते, वाटायलाच हवी. बाहेरून शॉक बसला तर कातडी बराच रोध करते. पण हृदयापर्यंत नळी किंवा तार घातलेली असेल, तर अँपिअरच्या दहा हजाराव्या भागाएवढी वीजही हृदयाची लय बिघडवू शकते. आपल्याला ती जाणवणारसुद्धा नाही. म्हणून थेट हृदयाशी जोडायच्या भागांवर चौकटीत बदामाचं चिन्ह असतं. मुलांना आधी तो कंपनीचा लोगो वाटतो.

यंत्र बनवणाऱ्यांचं काय? हृदयाच्या कृत्रिम झडपेचं उदाहरण घ्या. हृदय मिनिटाला ७२ ठोके धरलं तर झडप वर्षाला पावणेचार कोटी वेळा उघडझाप करते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयाचे सर्जन डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही झडप भारतात बनवायला घेतली. एका नमुन्यात चकती कृत्रिम नीलमण्याची होती, इतका कठीण पदार्थ, तरी टिकली नाही. नमुन्यामागून नमुने फसले. शेवटी टिकली ती एका जातीच्या प्लास्टिकची चकती. डिसेंबर १९९०मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसली. असं काही करायचं असेल तर बी.ई.वर थांबून भागत नाही. २०२०पासून गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, त्याचा विचार करा.

पण बहुतेकजण माझ्यासारखेच होतात. सर्व्हिस, मेंटेनन्स. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी, हे आत्ताच ऐकून ठेवा. सुरगाणा, पेठ, कळवण अशी फिरती. सुरगाण्याकडे एकदा बेबी वॉर्मर बंद पडला म्हणून गेले, तर सर्किट बोर्डवर पाल चिकटून वाळलेली. ते सिलॅबसमध्ये नव्हतं. रुग्णालयातल्या गॅसच्या पाइपलाइनला आमच्या वेळी अर्धा धडा होता, तोही मुलं ऑप्शनला टाकायची. एप्रिल २०२१मध्ये या शहरात काय झालं ते मी इथे सांगायची गरज नाही. ऑक्सिजनची टाकी बाहेर रुग्णालयाच्या आवारात गळली आणि माणसं आत वॉर्डात गेली. पाइपमध्ये चार बारच्या आसपास दाब असायला हवा. तो उतरला की व्हेंटिलेटर ओरडायला लागतात, आणि तेव्हा हातात मिनिटंच असतात. तो अर्धा धडा मी आता तीन दिवस शिकवते.

माझे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. विमानाच्या प्रत्येक भागाची नोंदवही असते, कुठला भाग किती तास चालला, कुणी उघडला, कुणाची सही. घरी ते कुकरची शिटीसुद्धा तारीख लिहून बदलायचे, आई वैतागायची. व्हेंटिलेटरसाठी अशी वही नीट ठेवलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. वही ठेवा म्हटलं की नवीन मुलं तोंड वाकडं करतात, इंजिनिअर होऊन कारकुनी करायची का म्हणून. हो, करायची.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकच घेते. एका आईनं लिहिलंय, ‘मुलगा घरातला मिक्सर उघडून बसतो, पण परत जोडत नाही. त्याला ही शाखा जमेल का?’ कुठे बसलाय तो? हां, हात वर कर. कितवीत आहेस? अकरावी. गणित घेतलंय ना? बरं. मग असं कर, मिक्सर जोड. आणि जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला तर डबीत टाकू नकोस, पुन्हा उघड.