समुद्रावरचा परवाना

श्रोतेहो, नमस्कार.

सोळाव्या शतकात पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाख. एवढ्याशा देशाने मोझांबिकपासून आजच्या मलेशियातल्या मलाक्कापर्यंत दरारा बसवला तो कसा? मुलूख जिंकत सुटायला त्यांच्याकडे माणसंच नव्हती. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागायचं, आणि वाटेत रोगराईने कित्येकजण दगावायचे. म्हणून त्यांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कने मोक्याची बंदरं तेवढी हेरली. १५१० साली गोवा, १५११ साली मलाक्का, १५१५ साली इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ. एडन मात्र त्याला घेता आलं नाही, त्यामुळे तांबड्या समुद्राची वाट उघडीच राहिली.

बंदरं हाती आल्यावर सुरू झाली परवान्याची पद्धत. या परवान्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. त्यावर नाखव्याचं नाव, जहाज केवढं, माणसं किती, तोफा किती, कुठून निघालं, कुठे जाणार, सगळं नोंदलेलं. मिरी न्यायची नाही, कारण तो राजाचा मक्ता. फी किरकोळ असे. मेख पुढे होती: गोवा, दीव किंवा होर्मुझला थांबून जकात भरायची. परवाना नसेल तर माल जप्त आणि जहाजही गेलं! ज्या दर्यावर गुजराती, अरब, मलबारी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न विचारता ये-जा करत होते, तिथेच हा पहारा. मी तरी याला खंडणीच म्हणेन.

आणि ती अकबरासारख्या बादशहालाही चुकली नाही. हज यात्रेची मोगल जहाजंसुद्धा हा कागद घेऊन निघत. पण कागद देणाऱ्याने तरी तो पाळावा! १६१३ साली जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. भडकलेल्या जहांगीरने दमणवर फौज धाडली. तोवर इंग्रज सुरतेला आलेच होते, त्यांचं फावलं.

जमिनीवरचा कारभार निराळा. गोव्यात त्यांनी १५२६ साली गावकरीचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावसंस्थेचे, जुने रिवाज लिहून काढले आणि महसूल गावकऱ्यांकडूनच गोळा करवला. १५३४ साली वसई मिळाली, तेव्हा तिथली गावं पोर्तुगीज सरदारांना खंडाने दिली. बदल्यात त्यांनी घोडा आणि हत्यार बाळगायचं. किल्ल्यावरचा कप्तान बहुधा तीन वर्षांसाठी येई. पगार बेताचा, तेव्हा तीन वर्षांत खासगी व्यापारातून काय ते कमवून घ्यायचं, हे लिस्बनलाही ठाऊक होतं. शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्नं करावीत, असा अल्बुकर्कचा आग्रह. चौलजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत ऐकू येते, तिचं मूळ अशाच संसारांत आहे.

सतराव्या शतकात हे जाळं उसवलं. १६२२ साली होर्मुझ गेलं, १६४१ साली डचांनी मलाक्का घेतलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक, म्हणजे तसाच परवाना, सुरू केलं. ते घ्या, नाहीतर जहाज सोडा! दोनशे वर्षं हाच धंदा केलेल्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या इंग्रजांना आता त्यात चाचेगिरी दिसू लागली. १७२१ साली दोघांनी मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. किल्ला काही त्यांच्या हाती लागला नाही.